दिवाळीतली जागल

अकोला, ६ ऑक्टोबर २०२५, सोमवार, कोजागिरी

गच्चीवर दूध आटेपर्यंत विषय एकच, मागच्या गल्लीतली घरफोडी. दसऱ्याला ते कुटुंब बाळापूरकडे गावी सोनं वाटायला गेलं, दोन रात्री राहिलं, परत आलं तेव्हा दार नुसतं लोटलेलं. मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेले होते. दाराशी थांबून नीट पाहिलं. कुलूप फुटलेलंच नव्हतं. चांगलं जाडजूड, सात लिव्हरचं कुलूप बंदच्या बंद, कोयंड्यासकट खाली लोंबत होतं. कोयंडा चौकटीला चार बारक्या स्क्रूंनी बसवलेला. लोखंडी टॉमी मागून सरकवून एकदा जोर दिला की स्क्रू उपटून बाहेर. भोकांमध्ये लाकडाचा भुसा तसाच होता. महागाचं कुलूप आणि पाऊण इंचाचे स्क्रू, असं आपल्याकडच्या कितीतरी दारांचं आहे. आमचा सुतार म्हणतो, कोयंडा आरपार नट-बोल्टनं बसवा आणि नट दाराच्या आतल्या बाजूला ठेवा, मग बाहेरून उपटता येत नाही. उद्याच त्याला बोलावलं आहे.

आत आलमारीची किल्ली शेजारच्याच कपाटात, साड्यांच्या घडीखाली होती. ती तिथे असते हे चोराला सांगावं लागत नाही.

दूध वाटता वाटता कोण कधी गावाला जाणार ते विचारत गेले. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत ओळीतली निम्मी घरं कधी ना कधी बंद राहणार. कोणी म्हणालं, वर्गणी काढून चौकीदार ठेवू. कोणी म्हणालं, कॅमेरे लावू. कॅमेरे जरूर लावावेत. पण मागच्या गल्लीतही कॅमेरा होता. त्यात तोंडाला रुमाल बांधलेले दोघं आणि रात्रीची दोन-सव्वादोनची वेळ एवढंच दिसतं. त्या वेळी समोरच्या घरात माणसं होती, त्यांना खाटखूट ऐकूही आली. ‘गावावरून आले असतील’ असं वाटून ती कूस बदलून झोपली. शेजारी कधी परतणार आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. ह्या सगळ्या प्रकरणात मला हीच गोष्ट सर्वांत जास्त लागली.

मग एवढं ठरवलं: जाणाऱ्यानं दोन्ही बाजूंच्या घरांना जायची आणि यायची तारीख तोंडानं सांगायची. ग्रुपवर टाकायची नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाकोणाचे नंबर आहेत हे कोणालाच धड ठाऊक नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ओळीतल्या काही बायका आणि समोरचे काकाजी मिळून पोलीस ठाण्यात जाऊन आलो. बंदोबस्ताची गडबड होती तरी बीट अंमलदारांनी बसवून घेतलं. वयानं पन्नाशीचे, बोलणं अस्सल इकडचं. म्हणाले, “घराले कुलूप लावून चालले त आमाले सांगाच. पन आमच्या आंधी शेजाऱ्याले सांगा. माह्यावाल्या गाडीले तुमच्या गल्लीत यायले रातची एक चक्कर भेटते. शेजारी चोवीस तास तठीच हाय.”

त्यांची दुसरी तक्रार ऐकण्यासारखी होती. लोक घर फुटलं की आधी आवरायला घेतात. सांडलेले कपडे घडी घालून ठेवतात, आलमारी पुसतात, नातेवाईक येऊन सगळीकडे हात लावून जातात आणि मग फोन करतात. तोपर्यंत ठसेतज्ज्ञाला मिळायला काही उरत नाही, श्वान दारातच घुटमळतं. दार उघडं दिसलं तर उंबऱ्याबाहेर उभं राहून ११२ लावावा. आत चोर असण्याचीही शक्यता असते, हे तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

रात्रीचीच भीती धरू नका, असंही ते म्हणाले. सणाच्या खरेदीला दुपारी बायका निघतात, पुरुष कामावर असतात, मुलं क्लासला. अकराला लावलेलं कुलूप तीनला तुटलेलं सापडतं.

निघताना मी विचारलं, तुम्हाला रात्री फिरताना बंद घर ओळखू कसं येतं? ते हसले. “चोराले येते तसंच. दिवाळीत त आनखीनच सोपं. सारी गल्ली उजेडात अन् एक घर अंधारात.”

१२ ऑक्टोबर, रविवार

गांधी रोड, कपडा बाजार, टिळक रोड. पाय ठेवायला जागा नाही. खुल्या नाट्यगृहापासून चालत निघालो तर सराफ्यापर्यंत माणूस माणसाला घासूनच जात होता. पर्स पोटाशी धरली आणि मंगळसूत्रावरून पदर पिनेनं नीट बसवला. साडीच्या दुकानात आपण पदराचा काठ पाहण्यात गुंगलेल्या असतो आणि पर्स बाजूच्या खुर्चीवर असते. सगळा खेळ तिथे होतो.

बसस्थानकावर तर फारच. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाड्या बायकांनी भरून वाहतात, आणि ते फार चांगलं झालं. माहेरी जाण्यासाठी कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पण अकोट किंवा मूर्तिजापूरची गाडी लागली की दारात जी रेटारेटी होते, तीत मागून ढकलणाऱ्या दोघी-तिघी एकमेकींच्या ओळखीच्या असू शकतात. एक जण दारात अडून राहते, दुसरी मागून रेटते, तिसरीचा हात पिशवीत असतो. दागिने अंगावर घालून बसमध्ये चढू नये हे बायकांना ठाऊक आहे, म्हणून त्या ते डब्यात घालून पर्समध्ये ठेवतात, आणि तो डबाच जातो. त्यापेक्षा कापडी पिशवीत गुंडाळून पोलक्याच्या आत किंवा परकराच्या खिशात बरे. आमची आजी तसंच करायची.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी देवळातून परत येत होत्या. वय ऐंशीच्या पुढे. हातात जुन्या घडणीच्या पाटल्या, गळ्यात पोत. मोटारसायकलवरून दोघं आले. इस्त्रीचे पांढरे शर्ट, एकाच्या हातात वॉकीटॉकीसारखं काहीतरी, खिशात ओळखपत्र. “आजी, आम्ही पोलीस. पुढं चौकात आत्ताच एका बाईला चाकू मारून लुटलं. साहेबांचा हुकूम आहे, अंगावर दागिने ठेवायचे नाहीत. काढा, ह्या रुमालात बांधून देतो, घरी जाऊन सोडा.” इतक्यात तिसरा एक सभ्य माणूस रस्त्यानं आला, त्यालाही त्यांनी दटावलं आणि त्यानं मुकाट्यानं आपली अंगठी आणि साखळी काढून पुडीत दिली. तो त्यांचाच माणूस. आजींनी पाहावं म्हणूनच तो तिथे आला होता.

पुढे काय होतं ते राज्यात गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांनी सोसलं आहे. पुडी बांधताना अदलाबदल होते. घरी जाऊन रुमाल सोडला की आत खडे निघतात.

आजी म्हणाल्या, “बावा, ह्या पाटल्या साबन लावल्याबिगर निंघत नाहीत. घरी चला, सून साबन देईन. लेकालेबी इचारतो.” त्यांना संशय बिंशय काही आला नव्हता, पाटल्या खरोखरच निघत नाहीत. तेवढ्यात दूधवाला आला, त्यानं गाडी थांबवून “काय झालं आजी?” असं विचारलं आणि दोघं निघून गेले. गाडीच्या नंबरप्लेटवर चिखल फासलेला होता, असं दूधवाला सांगतो.

खरा पोलीस रस्त्यात कधीही दागिने काढायला सांगत नाही. एवढं एक वाक्य प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाठ करून द्यायला हवं. दागिने-भांडी उजळून देतो म्हणून येणाऱ्यांचंही तेच. संध्याकाळी मी ओळीतल्या सगळ्या आजी-आजोबांकडे जाऊन सांगून आले. ११२ वर फोन करून ठाण्यातही कळवलं. चोरी झाली नाही म्हणून कळवायचं नाही, हे बरोबर नाही. आपल्याकडे न जमलेला डाव ते दुसऱ्या पेठेत टाकणारच.

मनात राहून गेलं ते इस्त्रीच्या शर्टाचं. आमच्या लेआउटमध्ये भंगारवाला आला, चादरी विकणारा आला की पाच घरांतून माना बाहेर येतात. हे दोघं दहा मिनिटं कोपऱ्यावर उभे होते, कोणी पाहिलंसुद्धा नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

बँकेतल्या नोकरीतली बरीच वर्षं मी लॉकरच्या टेबलावर काढली. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बायका दागिने न्यायला यायच्या आणि भाऊबीज झाल्यावर ठेवायला. मधले दिवस दागिने घरात, आणि हे चोरालाही कॅलेंडरवरून कळतं. ह्या वर्षी मंगळवारी लक्ष्मीपूजन आणि बुधवारी पाडवा, दोन्ही दिवस बँका बंद. सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या पुढे गेलं आहे. चार तोळ्यांची पोत म्हणजे पाच लाख रुपये गळ्यात घालून फिरणं. इतकी रक्कम रोख असती तर आपण ती डब्यात घालून मांडणीवर ठेवली असती का?

मैत्रिणींना मी सांगते, पूजेला लागेल तेवढंच काढा, बाकी लॉकरमध्ये राहू द्या. लॉकरमधल्या वस्तूची बँक जबाबदारी घेत नाही असा समज अजून आहे. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी ह्यामुळे नुकसान झालं तर बँकेला लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाई द्यावी लागते. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. आजच्या भावात ही रक्कम पुरी पडत नाही, हेही सांगायला हवं. तरीही घरच्या आलमारीपेक्षा लॉकर कधीही बरा.

आणि दागिन्यांचे फोटो काढून ठेवा, पावत्या ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतोच, तो वहीत उतरवा. चोर पकडला गेला आणि मुद्देमाल मिळाला, तरी कोर्टातून तो सुपूर्दनाम्यावर परत घेताना ‘हा माझाच’ हे दाखवावं लागतं. पावती नसली की बाई नुसती “माझ्या लग्नातला आहे हो” म्हणत उभी राहते.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

बीट अंमलदारांचं अंधाऱ्या घराचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. आज उजव्या हाताचं कुटुंब वाशीमला गेलं. त्यांच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे. संध्याकाळी सडा-रांगोळी आपल्या दारात झाली की त्यांच्या दारातही काढायची, दोन पणत्या ठेवायच्या, आकाशकंदील लावायचा. ओळीतल्या प्रत्येक बंद घराला एकेक उजेड देणारी ठरली आहे. मुलींनी हे काम उत्साहानं उचललं, कारण काढायला जास्त रांगोळ्या मिळाल्या. दुधाची पिशवी, वर्तमानपत्र बंद करायला सांगितलं आहे, तरीही फाटकात पत्रकं आणि कुरिअरच्या चिठ्ठ्या पडतात, त्या रोज सकाळी उचलायच्या. कुलूप बाहेरच्या फाटकाला लावायचं नाही, लावलंच तर आतून वळवून. अंगणात एखादी जुनी चप्पल असू द्यावी.

मागच्या बाजूला क्लासच्या मुलांच्या खोल्या आहेत. अकोल्यात बुलडाणा, वाशीमकडून नीट आणि जेईईसाठी आलेली मुलं किती, ते सांगायला नको. दिवाळीला खोल्या रिकाम्या आणि लॅपटॉप गादीखाली! घरमालकांना सांगून आले की मुलांचे लॅपटॉप तुमच्याकडे एका ट्रंकेत ठेवून घ्या. भाडेकरूंची माहिती ठाण्यात दिली आहे का, हेही विचारलं. एकानं दिली होती.

१९ ऑक्टोबर, रविवार

रात्री गावाहून भावाचा फोन. सोयाबीनची गंजी शेतातच आहे, तो आणि पुतण्या आळीपाळीनं जागलीवर जातात. “दिवाळी काय करतं ताई, गंजी उचलून नेली त साल गेलं.” पावसानं निम्मं सडवलं, हमीभाव ५,३२८ रुपये कागदावर, बाजारात त्यापेक्षा कितीतरी कमी, आणि वर चोराची धास्ती. शहरातल्या चोऱ्या छापून येतात. धुऱ्यावरून गेलेली मोटार, कापून नेलेली केबल, उचलून नेलेलं सोयाबीन ह्यांची फिर्यादसुद्धा अनेकदा होत नाही.

जागलीवरून जागल्या, म्हणजे गावचा जुना रखवालदार, आठवला. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये दख्खनच्या कारभारावर जो अहवाल लिहिला त्यात गावच्या रखवालदाराचं काम वर्णन केलं आहे. हे काम बहुतेक ठिकाणी महार समाजाकडे होतं. रात्री गस्त घालायची, गावात आलेल्या-गेलेल्याची खबर ठेवायची, गावातल्या प्रत्येक माणसाची रीतभात ठाऊक ठेवायची. चोरी झाली तर पावलांचा माग काढत शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत जायचं आणि तिथल्या रखवालदाराच्या हवाली तो माग करायचा. तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची. ज्या गावात माग हरवेल त्या गावानं चोरीची भरपाई करायची. म्हणजे चोरी ज्याच्या घरी झाली त्याची एकट्याची ती नव्हती, सगळ्या गावाला तिची झळ बसे. एवढं जोखमीचं काम करणाऱ्या माणसाला मात्र गावानं वेशीबाहेर ठेवलं, बलुत्यावर राबवलं. ती व्यवस्था गेली ते योग्यच झालं. तिच्यातली सामायिक जबाबदारीही तिच्याबरोबरच गेली. १९६७ च्या कायद्यानं पोलीस पाटील आले, खेड्यात ते आजही आहेत. आमच्या लेआउटसारख्या वस्तीत तसं कोणी नाही.

तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ‘ग्रामरक्षण’ असा स्वतंत्र अध्याय आहे. महाराजांची मोझरी इथून फार लांब नाही, घरोघरी ती पोथी आहे. तो अध्याय वाचून कोजागिरीला चार गोष्टी ठरवायला काय हरकत आहे?

२० ऑक्टोबर, सोमवार, नरकचतुर्दशी

अभ्यंगस्नान, फराळ. दुपारी भाचीचा रडवेला फोन. ‘दिवाळी बोनस’ म्हणून लिंक आली, दाबली, नंतर पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की पैसे जातात. लगेच सायबर हेल्पलाइनचा १९३० लावायला सांगितलं. त्या नंबरवर जितक्या लवकर कळवू तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. लाजेनं दोन दिवस घालवले तर हाती काही लागत नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

पहाटे साडेपाचला आरडाओरड. शाल घेऊन बाहेर आले तर वाशीमला गेलेल्यांच्या अंगणात दहा-बाराजण गोळा झालेले. मध्ये दोन पोरं. मोठा अकरा-बाराचा, धाकटी सात-आठ वर्षांची. मोठ्याच्या गालावर बोटं उमटलेली. कोणीतरी त्याचे हात त्याच्याच शर्टानं मागे बांधले होते. मुलीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, ती काही केल्या सोडत नव्हती.

पिशवी मी घेतली आणि ओसरीवर रिकामी केली. न फुटलेले लवंगी फटाके, वाती जळून गेलेले दोन सुतळी बॉम्ब, अर्धवट विझलेली एक फुलबाजी, फराळाचा डबा पुसून टाकलेला कागद. त्याला चिवड्याचे दाणे चिकटलेले. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फुसके फटाके वेचत हिंडणारी पोरं मी माझ्या लहानपणापासून पाहते आहे. फाटकाच्या आत एक सुतळी बॉम्ब पडलेला दिसला म्हणून मोठा उडी मारून आत आला. बायपासच्या कडेला पालं पडली आहेत, तिथली ही पोरं.

“पारध्याचे हायेत. रेकी करून राह्यले,” एकजण म्हणाला. “व्हिडिओ टाका ग्रुपवर.”

मी शर्ट सोडला, पोरांना माझ्या ओसरीवर बसवलं आणि ११२ लावला. गर्दीतल्या दोघांना ते आवडलं नाही. मी त्यांना राईनपाडा आठवतं का विचारलं. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं गाव, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागायला आलेले. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाच माणसं ठेचून मारली. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले, तेही चोरांच्या अफवेनं रात्री जागणाऱ्या लोकांच्या हातून. तिथेही सुरुवात ‘आपण आपल्या वस्तीची राखण करू’ ह्याच चांगल्या विचारानं झाली होती. आणि एका पोस्टवरून काय होतं हे अकोल्याला बाहेरून कोणी शिकवायला नको. मे २०२३ मध्ये जुन्या शहरात दंगल पेटली, एकाचा जीव गेला.

कायदा ह्या बाबतीत स्पष्ट आहे. डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, पण त्याला विनाविलंब, सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. थोबाडीत मारण्याचा, हात बांधून व्हिडिओ काढण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पोलीस आले ते अर्ध्या तासाच्या आत. पोरांची नावं विचारली, पालावर जाऊन आई-बापाला भेटून आले. गुन्हा काही नव्हताच. जाताना अंमलदार मारणाऱ्याकडे बघून म्हणाले, “लेकराले मारलं, उद्या त्यानंच फिर्याद देल्ली त?”

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा जमातीतलं पोरगं पाळण्यात असतानाच त्याला चोर ठरवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले ह्या फासेपारधी शिक्षकानं भीक मागणारी पोरं गोळा करून शाळा काढली आणि तिला नाव दिलं ‘प्रश्नचिन्ह’. आज सकाळी त्या मुलीकडे बघताना ते नाव सारखं आठवत होतं. कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली तरी आमच्या लेआउटमधल्या शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडी जातीचंच नाव आधी येतं. मागच्या बुधवारी आजींच्या पाटल्या काढायला आलेल्यांची जात कोणी विचारली नव्हती.

पहारा द्यायचा तर माणूस काय करतो ते पाहायचं. कोण बंद घराची बेल दोनदा वाजवून निघून गेलं, कोण ‘अमुक इथंच राहतात का’ विचारत चार दारं फिरलं, कोणती गाडी रोज संध्याकाळी त्याच वळणावर उभी राहते. कपड्यांवरून, बोलीवरून, पालावरून काही कळत नाही. हे मी दुपारी ओवाळणीला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. मारणारा आला नाही. त्याच्या घरी मी उद्या जाणार आहे.

फराळाचे दोन डबे पालावर देऊन आले. मुलीनं आधी पिशवीचं विचारलं. फटाके मात्र मी दिले नाहीत, हातात फुटले असते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

मारणाऱ्याच्या घरी गेले. बायकोनं चहा केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “काकू, मागच्या वर्षी सासरवाडीत घर फुटलं. बायकोचं सारं स्त्रीधन गेलं. तवापासून झोपच लागत नाही.” त्याचं भय खोटं नाही. चोरी झालेल्या घरातल्या माणसांना पुढे कित्येक महिने रात्री खुट्ट झालं की जाग येते, आणि ह्याची भरपाई कोणी देत नाही. ओळीतल्या पहाऱ्याची यादी त्यानं ठेवावी, असं मी सुचवलं. हो म्हणाला.

२६ ऑक्टोबर, रविवार

वाशीमचे परतले, किल्ली दिली. एकेक करून सगळी घरं उघडली. आमच्या ओळीत काही गेलं नाही. पहाऱ्यामुळे गेलं नाही असं मी लिहिणार नाही, ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही. एवढं मात्र झालं की ह्या पंधरा दिवसांत कोण कुठल्या गावचं, कोणाचा मुलगा कुठे नोकरीला, कोणाच्या आजींना रात्री दम लागतो, हे पहिल्यांदा एकमेकांना कळलं. काकाजींनी सुताराकडून सगळ्यांच्या कोयंड्यांना आरपार बोल्ट बसवून घेतले.

२ नोव्हेंबर, रविवार, कार्तिकी एकादशी

तुळशीची लग्नं लागली की माणसांची सुरू होतात. आता महिनाभर घरं पुन्हा बंद राहतील, दागिने पुन्हा अंगावर येतील, आणि मंगल कार्यालयात वरमाईची पर्स सांभाळायला कोण, हा प्रश्न उभा राहील. ती एका ठरलेल्या माणसाकडेच द्यावी. फोनवर लग्नपत्रिका म्हणून ‘एपीके’ प्रकारची फाइल आली तर ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नये, खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते.

हे पान जो कोणी वाचेल त्याला माझी विनंती आहे. आज संध्याकाळी शेजारच्या दोन्ही घरी जा. नाव, गाव, फोन नंबर विचारून घ्या, आपला द्या. तो कागद आलमारीत न ठेवता स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवा आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरात ११२ आणि १९३० लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना तो एकदा वाचून दाखवा. आणि कधी गल्लीत गर्दी एखाद्याला धरून मारताना दिसली, तर कोणाची वाट न पाहता तिच्यातून पुढे व्हा आणि पहिला फोन तुम्हीच लावा.